नणंदबाईचा कायदा

दुधाटे मॅडम शाळेत वेळेवर आल्याचं मला एकदाच आठवतं, आणि त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सुट्टीचा निरोप आदल्या दिवशीच सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन पडला होता. पण मॅडम निरोप वाचत नसत. महत्त्वाचं असेल तर कुणीतरी तोंडानं सांगेलच, असा त्यांचा माणसांवर विश्वास होता. शिपायानं फाटक उघडून दिलं, चहा पाजला. आता आलेच आहे तर बसते, म्हणून त्या स्टाफरूममध्ये टेबलावर डोकं टेकून दुपारपर्यंत झोपल्या, डबा खाल्ला आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी नेहमीसारख्या प्रार्थना संपल्यावर उगवल्या आणि आम्हालाच म्हणाल्या, "काल शाळेत लय शांत वाटलं."

परभणीत जिंतूर रोडच्या अंगाला आमची शाळा. खासगी, विनाअनुदानित, वर पत्रे, पुढं लिंबाची दोन झाडं. मी मराठी शिकवायची, त्या भूगोल. त्यांचं माहेर झरीचं, सासर ताडकळसचं, आणि राहायला परभणीत भाड्याच्या दोन खोल्या. नवरा माधव मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका बियाण्याच्या दुकानावर कामाला होता. हा माणूस इतका अबोल, की गिऱ्हाइकानं तूर मागितली तरी तो नुसती पिशवी पुढं सरकवायचा. घरातलं सगळं बोलणं त्यामुळं मॅडमच्या वाट्याला आलं होतं, आणि घरात संपत नसल्यामुळं उरलेलं त्या शाळेत आणायच्या. आडनाव दुधाटे, पण दुधाचा वास आला तरी तोंड फिरवायच्या. बाकी मात्र त्यांना काहीही चालायचं. मधल्या सुट्टीत आपला डबा उघडण्याआधी त्या दुसऱ्यांचे डबे उघडायच्या. "बघू तर काय हाय" असं म्हणेपर्यंत अर्धी पोळी गेलेली असायची. राग यायचा, पण त्यांच्या डब्यातली अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी आपल्यापुढं सरकली की राग टिकायचा नाही.

भूगोलाच्या बाईंना दिशा कळत नसत. फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा त्या हात न उचलता काढायच्या, गोदावरी तर अशी वळवायच्या की पोरं बघत राहायची. पण त्याच बाई स्टेशनहून शाळेकडं चालत निघाल्या की मोंढ्यात निघायच्या. एकदा सातवीच्या पोरांना घेऊन त्या कृषी विद्यापीठाची शेती दाखवायला गेल्या. रिक्षांतून उतरल्यावर कुठं वळायचं ते त्यांना आठवेना. पोरांसमोर कुणाला विचारणं त्यांना बरं दिसेना. त्यांनी वर्गाची रांग केली आणि रांगेच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. "आज तुमी मला न्यायचं, ही तुमची परीक्षा हाय," असं त्यांनी पोरांना सांगितलं. पोरांनी बरोबर नेलं. परत आल्यावर मी हसले तर त्या म्हणाल्या, "नकाशावर वर म्हंजे उत्तर. रस्त्यावर वर कुठं असतंय, ताई?"

त्यांच्या बोलण्यात एक शब्दजोडी सारखी यायची, "हो की." मुख्याध्यापकांनी उशिराबद्दल हटकलं की, "हो की सर." वह्या तपासायच्या राहिल्या म्हटलं की, "हो की." सुरुवातीला वाटायचं, किती ऐकणारी बाई आहे. दोनेक महिन्यांत उमगलं, की 'हो की' म्हणजे तुमचं म्हणणं कानावर आलं, आता मी मला हवं तेच करते. त्या कधी कुणाशी भांडल्याचं मला आठवत नाही. आवाज मोठा होता, पण चढलेला नसायचा. समोरचा बोलून बोलून दमला, की त्या त्याला भुईमुगाच्या शेंगा द्यायच्या.

त्या वर्षी डिसेंबरात, मधल्या सुट्टीत, तोंडात घास असतानाच त्यांनी सांगून टाकलं की त्यांना दिवस गेलेत. तिसरा महिना होता. आमच्याकडं इतक्या लवकर कुणी बोलत नाही. मी त्यांना बाजूला घेऊन चांगलीच समज दिली, की अजून पोट दिसतसुद्धा नाही, आत्ताच गावभर कशाला करता. "हो की," म्हणाल्या. आणि त्याच दुपारी सातवीच्या वर्गात जाऊन सांगितलं, "पोटात बाळ हाय, बेंच वाजवू नका." सातवीची पोरं पुढं वर्ष संपेपर्यंत कुजबुजत बोलायची. मग भाजीवालीला कळलं, रिक्षावाल्याला कळलं, गेटवर पोरांना न्यायला येणाऱ्या बायांना कळलं. खोलीजवळच्या अंगणवाडीत त्यांनी नाव घातलं. तिथून पोषण आहाराची पाकिटं मिळायची, त्याचा शिरा करून त्या स्टाफरूममध्ये आणायच्या आणि सरकारचा शिरा म्हणून आम्हाला वाढायच्या. त्यांच्या बाळाच्या वाट्याचं मीही पुष्कळ खाल्लंय.

इथं आमच्या शाळेची एक रीत सांगायला हवी. शिक्षिकेला सातवा महिना लागला की ऑफिसातले गफारभाई एक राजीनामा टाइप करून आणायचे. गफारभाई मनानं मऊ. कागद टेबलावर ठेवताना ते खिडकीबाहेर बघायचे. बाई सही करायची. मग निरोप समारंभ, साडी, नारळ, फोटो, थोडी रडारड. बाळ वर्षाचं झालं आणि जागा रिकामी असली, की त्या बाईला परत घ्यायचे, नवी शिक्षिका म्हणून, नव्या शिक्षिकेच्या पगारावर. माझं असं दोनदा झालं. इतकी वर्षं शिकवून कागदावर मी कायम नवीच होते. याला कुणी अन्याय म्हणत नसे. ऊन लागतं, तसं ते होतं. साडी मात्र दर वेळी चांगली मिळायची.

एप्रिलात गफारभाईंनी दुधाटे मॅडमपुढं कागद ठेवला आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मॅडमनी तो वाचला, दोनदा घडी घातली आणि त्यानं वारा घ्यायला लागल्या. आमचे पंखे तेव्हा विजेच्या मर्जीवर फिरायचे. वारा घेत घेतच त्यांनी गफारभाईंना विचारलं, "राजीनामा कशाला? मी कुठं जायलेय? बाळंत व्हायलेय. व्हईन आन् येईन."

गफारभाईंनी समजावलं, की मॅडम, घरी बसल्यावर पगार कोण देतं, असा कुठला कायदा आहे?

"आमच्या नणंदबाईचा," मॅडम म्हणाल्या.

त्यांची नणंद पुण्याला एका कंपनीत कामाला होती. तिला बाळंतपणात सहा महिने पगारी रजा मिळाली होती. मॅडमचं म्हणणं एवढंच, की तिला मिळते तर मला का नाही, लेकरू तर सारखंच असतं. यापलीकडं त्यांना कायद्याचं काही ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची गरजही वाटत नव्हती. स्टाफरूममध्ये हसं झालं. दिवसभर जो तो नणंदबाईच्या कायद्याखाली चहा मागायला लागला, पीटीच्या सरांनी तर त्याच कायद्यानं एक तास लवकर घरी जायची परवानगी मागितली. मग संध्याकाळी त्यांनीच मोबाइलवर शोधून पाहिलं. तसा कायदा खरंच होता, आणि बरीच वर्षं होता. सरांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. कुणी हसलं नाही. मी माझी पर्स उचलून घरी निघाले. त्या संध्याकाळी मला माझ्या दोन्ही साड्या आठवत होत्या.

कायदा मोबाइलमध्ये असणं वेगळं आणि अण्णांच्या ऑफिसात असणं वेगळं. अण्णा म्हणजे आमचे संस्थाचालक. पांढरे कपडे, कपाळाला अष्टगंध, बोलायला गोड. माणूस वाईट नव्हता. दोन खोल्यांपासून शाळा उभी केली होती, आणि खिळासुद्धा स्वतः घासाघीस करून आणायचे. त्यांना कुणाला नाही म्हणवत नसे. ते "बघू" म्हणायचे. पगारवाढ मागा, बघू. पंखा बदला, बघू. वर्षानुवर्षं आम्ही सगळे बघण्याच्या यादीत होतो. तर अण्णांचं 'बघू' म्हणजे नाही, आणि मॅडमचं 'हो की' म्हणजेही नाही. अशा दोघांची गाठ पडली.

पहिल्या भेटीत अण्णांनी शाळेची अडचण सांगितली. फी थकलेली, बसचं कर्ज. मॅडम हो की म्हणाल्या. मग अण्णा म्हणाले, की सरकार पहिलटकरणींच्या खात्यावर पैसे टाकतंय, मग शाळेवर ओझं कशाला? मॅडम म्हणाल्या, हो की, पण अंगणवाडीच्या ताई म्हणतात, नोकरीतून पगारी रजा मिळत असली तर ते पैसे मिळत नाहीत. तेव्हा शाळा रजा देत नाही असं सरांनी लिहून द्यावं, म्हणजे मी तिकडून घेते. लिहून द्यायचं म्हटल्यावर अण्णा सावध झाले. त्यांनी आयुष्यात 'बघू'सुद्धा कधी कागदावर उतरवलेलं नव्हतं. ते म्हणाले, उद्या या, बघू.

मॅडम उद्या गेल्या. परवाही गेल्या. त्यांना जायला कारणही चांगलं होतं, कारण शाळेतला एकुलता एक कूलर अण्णांच्या ऑफिसात होता. परभणीचा मे महिना, पोटात आठ महिन्यांचं बाळ, आणि शाळा आम्हाला सुट्टीतही नव्या प्रवेशांसाठी बोलवायची. मॅडम सकाळी उशिरा यायच्या, थेट अण्णांच्या ऑफिसात शिरायच्या, कूलरसमोरची खुर्ची धरायच्या आणि विचारायच्या, "सर, बघितलं का?" अण्णा म्हणायचे, बघायलोय. मग मॅडम, तुमचं चालू द्या, असं म्हणून पाय लांब करून बसायच्या. पिशवीतून शेंगा निघायच्या. अण्णांनाही मिळायच्या.

आठ महिन्यांच्या बाईला ऊठ म्हणणार कोण? त्यात प्रवेशासाठी आईबाप यायचे. आत शिरलं की कूलरच्या गार वाऱ्यात निवांत बसलेली गरोदर मास्तरीण दिसायची. बाया अण्णांकडं कौतुकानं बघायच्या. झरीकडच्या एक म्हाताऱ्या आजीबाई नातवाला घेऊन आल्या होत्या. त्या अण्णांना म्हणाल्या, "लेकीवानी सांभाळता की तुमी पोरींना." अण्णा हसले. हसताना त्यांचा चेहरा असा झाला, जणू अष्टगंधाच्या जागी कुणी चिखल लावलाय. मॅडम शेंग सोलत म्हणाल्या, "सर लय चांगले हायत आमचे." त्या नातवाचा प्रवेश तिथंच झाला. मॅडम हे सगळं ठरवून करत होत्या का, हा आमच्यात वादाचा विषय होता. मला विचाराल तर नाही. त्यांना खरंच उकडत होतं.

पण मला काळजी वाटायला लागली होती. अण्णा काही दिवसांनी वेगळं बोलायला लागले होते. जूनमध्ये भूगोलाचे तास दुसऱ्या कुणाला देऊ, असं त्यांनी गफारभाईंना सांगितल्याचं कानावर आलं. रजा नाही, राजीनामाही नाही, नुसते तास नाहीत. मग मॅडम कुणाकडं दाद मागणार? मी एका दुपारी त्यांना व्हरांड्यात गाठलं. पायरीवर पाय सोडून त्या काकडी खात होत्या. मी सांगितलं, सही करा आणि निवांत बाळंत व्हा, मी दोनदा केलीय, मरत नाही माणूस. आणि जरा झाकून पाकून राहा. पोट पुढं काढून आख्ख्या शाळेत फिरता, ते अण्णांना डिवचल्यासारखं दिसतं.

या वेळी त्या हो की म्हणाल्या नाहीत. काकडी खायची थांबल्या. मग त्यांनी सांगितलं, की हे दुसरं. पहिल्या वेळी त्या एका खेड्यातल्या खासगी शाळेत होत्या. नवीन लागलेल्या. सांगितलं तर जागा जाईल म्हणून कुणालाच सांगितलं नाही. पदर सारखा करून करून पोट लपवलं. काळीपिवळी जीपमध्ये मागच्या बाजूला कोंबून जायच्या, खेळाच्या दिवसांत मैदानावर उभ्या राहायच्या, ओकारी आली तर पित्त झालंय म्हणायच्या. चौथ्या महिन्यात ते गेलं.

"कुणाला ठाऊकच नव्हतं, ताई. मग कुणी इचारणार कसं?" त्या म्हणाल्या. "चार दिसांनी शाळेत गेले, तर सायबांनी एवढंच इचारलं, रजेचा अर्ज कुठाय?"

शाळेच्या मैदानात पाण्याचा टँकर आला होता, त्याची नळी कुणीतरी ओढत होतं. मॅडमनी काकडीचा राहिलेला तुकडा मोडून अर्धा माझ्या हातात दिला. "म्हणून औंदा समद्यांना सांगून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "आता कायबी झालं तर समद्यांना इचारावं लागंल."

मला वाटायचं ही बाई बेफिकीर आहे. ती मधल्या सुट्टीत आमचे डबे उघडायची तेव्हाही, वर्गात उशिरा जायची तेव्हाही. रोज त्या कूलरसमोर जाऊन बसायला तिला काय लागत असेल, हे आमच्यातल्या कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी अण्णांनी नवऱ्याला बोलवायचं ठरवलं. घरच्या माणसानं समजावलं तर बाई ऐकेल, असा त्यांचा हिशेब. माधवला निरोप गेला. माधव घाबरला. त्यानं ताडकळसला आईला फोन केला आणि स्वतःच्या जागी तिला पाठवून दिलं. माझ्या माहितीत त्यानं घेतलेला हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय.

गयाबाई बसनं आल्या. काटकुळ्या, इरकली लुगडं, डोक्यावर पदर, हातात पिशवी. बायामाणसांत बोलणं सोपं जाईल म्हणून अण्णांनी मलाही ऑफिसात बसवून घेतलं होतं. मॅडम आपल्या नेहमीच्या खुर्चीत होत्या. सासूबाई आल्यावर त्या उठायला लागल्या, तर गयाबाईंनी हातानंच त्यांना खाली बसवलं आणि स्वतः दाराजवळच्या स्टुलावर टेकल्या.

अण्णा छान बोलले. पोरीला आता आराम हवा, घरात माणसं हवीत, नोकरी काय कुठं पळून जात नाही. लेकरू मोठं झालं की आपण परत घेऊ. तुम्ही मोठ्या आहात, तुम्हीच समजावून सांगा. गयाबाई मान हलवत ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी पदर नीट केला.

"सायब, माझं थोरलं लेकरू उसाच्या फडावर झालं," त्या म्हणाल्या. "हिचा नवरा. कारखान्याकडं तोडीला गेलो व्हतो, तितंच पाचटाच्या कोपीत बाळंत झाले. आमचा मुकादम लय वंगाळ मानूस. शिवी दिल्याबिगर बोलायचा न्हाई. पर त्यानंबी मला बसू दिलं, आन् त्या दिसांची मजुरी कापली न्हाई."

मग त्यांनी ऑफिसभर नजर फिरवली. भिंतीवरचे फोटो, कपाटातल्या ढाली, पृथ्वीचा गोल.

"तुमी तर शाळा चालवता," त्या म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं, असा तो स्वर होता. अण्णांनी टेबलावरचा पेन उचलला, परत ठेवला. आता ते 'बघू' म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी शिपायाला हाक मारून चहा सांगितला. चहा आल्यावर पहिला कप त्यांनी स्वतः उठून गयाबाईंना दिला. गयाबाईंनी तो बशीत ओतून सावकाश प्यायला, येते म्हणाल्या, आणि सुनेला घेऊन उन्हात बाहेर पडल्या. दारातून मॅडम एकदा मागं वळल्या आणि अण्णांपुढं राहिलेल्या शेंगा ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी गफारभाई स्टाफरूममध्ये आले ते रिकाम्या हातानं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं नाही. दुधाटे मॅडमची रजा मंजूर झाली, पगारी, असं त्यांनी सांगितलं आणि टेबलाशी बसून मॅडमच्या डब्यातली भाकरी मागून घेतली.

पगार वेळेवर आला असं नाही. कधी अर्धा, कधी पुढच्या महिन्यात, कधी गफारभाईंनी तीनदा आठवण केल्यावर. पण आला. शाळा उघडली त्याच आठवड्यात मॅडम सरकारी दवाखान्यात बाळंत झाल्या. मुलगी झाली. ताडकळसला बारसं झालं, अण्णा स्वतः गेले, चांदीचे वाळे घेऊन. ईश्वरी नाव ठेवलं. पाळण्याजवळ गयाबाईंनी अण्णांना अशी काही जागा दिली, की ते मुलीचे मामा असावेत असं बाहेरच्यांना वाटलं.

अण्णांचा खरा कळस पंधरा ऑगस्टला झाला. झेंडावंदनानंतरच्या भाषणात त्यांनी पालकांना सांगितलं, की आपल्या संस्थेत शिक्षिकांना सहा महिने पगारी बाळंतपणाची रजा दिली जाते, कारण मातृशक्तीचा सन्मान ही या शाळेची परंपरा आहे. आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. परंपरेचं वय तेव्हा दोन महिने होतं. मॅडम रजेवर असूनही झेंड्याला आल्या होत्या. झेंडा फडकून झाल्यावर आल्या होत्या हे सांगायला नको. मांडीवर पोरगी घेऊन त्या पहिल्या ओळीत बसल्या आणि टाळ्या त्यांनीच सगळ्यांत मोठ्यानं वाजवल्या. मी विचारलं, तुम्हाला हसू कसं आलं नाही? तर म्हणाल्या, "वाजवू द्या की. आता सगळ्यांसमोर बोलून बसलेत. पुढच्या बाईला न्हाई कसं म्हणतील?"

हिवाळ्यात त्या परत रुजू झाल्या, त्याच पगारावर, त्याच सातवीवर. गयाबाई परभणीला येऊन राहिल्या होत्या. मधल्या सुट्टीत त्या ईश्वरीला पाजायला घेऊन यायच्या. आतून कडी लागणारी खोली शाळेत एकच, अण्णांचं ऑफिस. त्यामुळं रोज त्या वेळी अण्णा व्हरांड्यात फोन कानाला लावून उभे असायचे, आणि कुणी विचारलं तर सांगायचे, आत जरा काम चाललंय. एकदा तपासणीला आलेले साहेबसुद्धा त्यांच्याबरोबर बाहेर उभे राहिले. दोघं लिंबाखाली हवापाण्यावर बोलत होते. दार उघडलं तेव्हा गयाबाई दोघांनाही म्हणाल्या, या आता.

पुढच्या वर्षी कॉम्प्युटरच्या मॅडमना दिवस गेले. पोरसवदा, लातूरकडची. तिनं अर्ज दिला, गफारभाईंनी घेतला, अण्णांनी सही केली. कुणाचा आवाज वाढला नाही, कुणी कूलरसमोर बसलं नाही. तिला वाटायचं, इथं पहिल्यापासूनच असं असतं. ती उलट दुधाटे मॅडमवर चिडायची, की तुमच्या उशिरामुळं माझा पहिला तास वाया जातो. मी तिला एकदा सगळं सांगायला निघाले होते. मॅडमनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला आणि तिला म्हणाल्या, "हो की. उद्या लवकर येते." आल्या नाहीतच.

आणखी दोनेक वर्षांनी माधवनं ताडकळसला स्वतःचं बियाण्याचं दुकान टाकलं. म्हणजे टाकलं माधवनं, बोलायला मॅडम लागणार होत्या. त्या शाळा सोडून गेल्या. निरोप समारंभात मी भाषण लिहून नेलं होतं. वाचता आलं नाही. त्यांनी जिलेबी मात्र दोनदा घेतली. मग फोन व्हायचे, तेही त्यांनी उचलले तर.

मागच्या हिवाळ्यात मी पूर्णेला एका लग्नाला निघाले होते. ताडकळसला बाजाराचा दिवस होता, माणसांच्या गर्दीत बस अडकली. मी खिडकीशी होते. रस्त्याच्या कडेला एका भुसार व्यापाऱ्यानं पोती मोजायचा मोठा काटा मांडला होता, आणि त्याच्या पाटावर, पोत्याच्या जागी, शाळेच्या गणवेशातली एक गुबगुबीत पोरगी मांडी घालून बसली होती. दोन वेण्या, लाल रिबिनी. काट्यासमोर कमरेवर हात ठेवून दुधाटे मॅडम उभ्या होत्या. आणखी रुंद झालेल्या, पदर खोचलेला. व्यापाऱ्यानं काट्यात बघून वजन सांगितलं. मला ऐकू आलं नाही, पण मॅडमना ते पटलं नव्हतं हे इथूनही दिसत होतं. त्यांनी पोरीला जरा सरळ बसवलं आणि व्यापाऱ्याला परत बघायला सांगितलं. त्यानं हात जोडले. ईश्वरी खदखदा हसत होती.

मी काच सरकवून हाक मारली. बाजाराच्या गलक्यात ती त्यांच्यापर्यंत गेली नाही. बस हलली. मी मान वळवून बघत राहिले. व्यापारी पुन्हा काट्यावर वाकला होता, मागं पोती घेऊन आलेली माणसं थांबली होती, आणि मॅडम कुणाकडंही न बघता, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून, त्याच्या आकड्याची वाट बघत उभ्या होत्या.